जॉनर आणि जनावर

"काका, तुमचा जॉनर कोणता?"

दिवाळी आटोपून दोन दिवस झाले होते. जेवण करून मी ओसरीत बाजेवर पडलो होतो आणि अंगठ्यानं रील सरकवत होतो. पुतण्यानं अंधारातून हा प्रश्न टाकला. मी आधी लोंबते पाय बाजेवर ओढून घेतले, मग विचारलं,

"कुठी दिसलं?"

"काय कुठी दिसलं?"

"जनावर!"

केळापुरात रात्रीच्या वेळी वाघाला कोणी वाघ म्हणत नाही, जनावर म्हणतात. टिपेश्वरचं अभयारण्य जवळच. सरकारनं वाघांना तिथं सुमारे १४८ चौरस किलोमीटर जागा दिली आहे, पण वाघाला सातबारा वाचता येत नाही. तो कधी धुरा ओलांडून आमच्या तुरीत येऊन बसेल याचा नेम नाही. म्हणून 'जनावर'सारखं काहीही कानावर पडलं की आमचा माणूस आधी पाय वर घेतो. शब्द बरोबर ऐकला की चूक, ते मागून पाहतो.

पुतण्या नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. तो पोट धरून हसला आणि मग त्यानं समजावून सांगितलं. जॉनर म्हणजे प्रकार. जसे सिनेमाचे असतात तसे व्हिडिओ गेमचे. "तुमी रोज तीन-तीन घंटे रील पायता काका. त्यापरीस गेम खेळा. फक्त आपला जॉनर सापडला पाह्यजे. एकडाव सापडला का मंग सुटत नाई."

न सुटणारी गोष्ट माणसानं मुद्दाम शोधायला का जावं, हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. तो मी गिळला. कारण गेल्या ४८ वर्षांत 'तुम्हाला काय मानवतं' असं मला कोणी विचारलंच नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही आणि कृषी केंद्रात बियाणं घेतानाही नाही.

तसा मी अगदीच कोरा नाही. नव्वदीत पांढरकवड्याच्या बाजारात टिनाच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. दाराला मळका पडदा, आत माणसाएवढे तीन डबे आणि प्रत्येक डब्यापुढं एक खेळणारा नि आठ सल्लागार. एक रुपयाचं नाणं टाकायचं. जीव संपले की आपणही सल्लागारांत जायचं. तिथला राजा म्हणजे 'मुस्तफा'. टोपीवाला मुस्तफा धावत येऊन अशी लाथ घालायचा की समोरचे तीन गडी एकदम आडवे. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असून तो कॅपकॉम नावाच्या जपानी कंपनीनं १९९३ साली काढला होता, हे मला या दिवाळीत कळलं. म्हणजे खेळात मोटारी होत्या, डायनोसॉर होते, मुस्तफाशिवाय आणखी तिघं होते, त्यात एक बाई होती. आम्ही त्यातलं काही मोजलंच नाही. गेम मुस्तफाचा.

शेजाऱ्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं. आत सात. तेच सात पुन्हा पुन्हा, वेगळ्या नावानं, आणि ते उघडकीला येऊ नये म्हणून मध्येच कपड्यांचे रंग बदललेले. कॅसेट लागली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. 'कॉन्ट्रा'त सुरुवातीलाच बटणं एका क्रमानं दाबली की तीस जीव मिळायचे: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. मला तेराचा पाढा आजही अडतो, हा मंत्र झोपेतही अडत नाही. आणि सव्विसाव्या जीवावर लाइट जायची.

तेव्हा गेमचे प्रकार चार: मारामारीचा, बंदुकीचा, गाडीचा आणि मारिओ. एवढ्यात सगळं बसत होतं.

आता प्रकरण फार वाढलं आहे. पुतण्यानं वहीच्या मागच्या पानावर झाड काढायला घेतलं. फांद्यांना फांद्या फुटत गेल्या आणि पान पुरेना म्हणून त्यानं पुठ्ठ्यावर चालू ठेवलं. माझी अडचण फांद्यांची नव्हती, नावांची होती. नावं ठेवायला काही एक नियमच नाही. शूटर हे नाव हाताच्या कामावरून पडलं. हॉरर हे छातीत काय होतं त्यावरून. रेसिंग गाडीवरून. आणि काही तर दुसऱ्या गेमवरून. १९८० साली 'रोग' नावाचा गेम आला, तर त्याच्यासारखे जे-जे ते सगळे 'रोगलाइक'.

बाबा पलीकडच्या बाजेवर डोळे मिटून पडले होते. वय ७६, झोप कमी, कान शाबूत. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "कोणता रोग? कापसावरचा लाल्या का?"

इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा, भामटा असा होतो, असं पुतण्यानं सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग तं बोंडअळीच."

पुढं आणखी मजा. 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' हे दोन्ही १९८६ चे गेम. दोघांच्या चालीवर जे झाले त्यांचं नाव दोन्ही घराणी जोडून 'मेट्रॉइडव्हेनिया'. सासर-माहेर दोन्ही आडनावं लावणाऱ्या बाईसारखं. २०११ ला 'डार्क सोल्स' आला, तर त्याच्यासारखे ते 'सोल्सलाइक'. मी म्हटलं, ज्यानं मूळ गेम पाहिलाच नाही त्यानं काय समजायचं? बाबांना मात्र ही पद्धत पटली. "आपल्याइकळे असंच हाय ना. पोरगं कसं हाय इचारलं तं म्हणते, मामावर गेलं. आता मामा कोन पाह्यला?"

आणि खरं सांगायचं तर नावाबद्दल आम्ही बोलूच नये. आमच्या तालुक्याचं नाव केळापूर आणि तहसील पांढरकवड्यात. नावात केळ, शेतात कापूस. विधानसभेचा मतदारसंघ केळापूर होता, २००९ पासून तोही आर्णी झाला. बाहेरचा माणूस केळापूर तहसील शोधत जगदंबेच्या देवळाशी येऊन उभा राहतो, देवीचं दर्शन घेतो आणि मागं फिरतो. म्हणजे पाटी एक आणि आत दुसरंच, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक.

मग चाचण्या सुरू झाल्या. पहिली बंदुकीची. डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि उजव्यानं पाहायचं. आमच्याकडे चालणं आणि पाहणं एकाच माणसाला एकाच वेळी जमतं. इथं ते दोन खात्यांत वाटून दिलेलं आणि खात्यांचं एकमेकांशी पटत नाही. मी बहुतेक वेळ आभाळाकडे बघत भिंतीवर चालत होतो. मला कोणी मारलं ते शेवटपर्यंत दिसलं नाही.

दुसरी बॅटल रॉयल. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उतरतात, सुरक्षित जागेचं वर्तुळ लहान लहान होत जातं आणि शेवटी एक उरतो. आपल्याकडे हा 'पबजी' सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' हे नाव घेऊन आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. आमच्या गावची मुक्कामी एसटीसुद्धा इतक्या वेळा बंद-चालू झाली नाही. मी उतरलो, समोर एक घर दिसलं, आत संडास-बाथरूम होतं, त्यात शिरून दार लावून बसलो. बाहेर पोरं एकमेकांना मारत होती. वर्तुळ अगदी अंगाशी आलं तेव्हा दुसऱ्या बाथरूममध्ये गेलो. एकही गोळी न झाडता शंभरांत सातवा आलो.

पुतण्याची मान खाली गेली. "काका, याले कॅम्पर म्हणते. शिवी हाय ही."

मी म्हटलं, "याले पर्मनंट नोकरी म्हणते. लोक पैसे भरून पायते."

तिसरी आरपीजी. यात आपण एक पात्र घ्यायचं, त्याचं बळ, बुद्धी, बोलणं याचे आकडे वाढवत न्यायचे. हे मुळात कागदावर, फासे टाकून खेळायचे, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावानं १९७४ पासून. कॉम्प्युटरवर ते मागून आलं. गोष्ट अशी की आपल्याला जगाचा नाश करणाऱ्या राक्षसाला मारायचं असतं. पण वाटेत प्रत्येक गावात एक म्हातारा भेटतो आणि म्हणतो, बाबा रे, माझी बकरी हरवली, तेवढी शोधून दे. बकरी आणली की त्याची सून म्हणते, दहा मुळ्या आण. याला साइड क्वेस्ट म्हणतात. पुतण्याला यात काय थरार वाटतो मला कळेना. मी घरून डीएपीचं पोतं आणायला निघतो. दारात बायको म्हणते, येताना कोथिंबीर आणा. फाट्यावर आत्या म्हणते, जातच आहेस तर माझ्या पासबुकावर तेवढा शिक्का मारून आण. संध्याकाळी मी कोथिंबीर, पासबूक, शेजाऱ्याची दुरुस्त झालेली मिक्सरची जार आणि कोणाची तरी टीसी घेऊन परत येतो. डीएपी राहतं.

त्या गेममधली गावकरी मंडळी तर मी लगेच ओळखली. त्यांच्याजवळ जाऊन बटण दाबलं की ती एकच वाक्य बोलतात. दुसऱ्यांदा दाबलं तरी तेच. आमच्या पारावर येऊन पाहा. "काय म्हणते पाऊस?" गेली वीस वर्षं. मी कधी उत्तर दिलं नाही, वाक्य बदललं नाही.

ओपन वर्ल्ड म्हणजे मोकळं रान, कुठंही जा, काहीही करा. हा प्रकार पुतण्या इतक्या भक्तीनं सांगत होता की मला त्याला थांबवावं लागलं. या प्रकारातला जगज्जेता आमच्या टिपेश्वरचा आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत गळ्यात पट्टा बांधलेला एक तरुण वाघ जूनमध्ये निघाला. महाराष्ट्रातले जिल्हे, मग तेलंगणाचं आदिलाबाद, पुन्हा महाराष्ट्र, असं करत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथंही फिरत राहिला. नऊ महिन्यांत तीनेक हजार किलोमीटर. लोकांनी त्याला वॉकर नाव दिलं. नकाशा नाही, मिशन नाही, वाटेत हायवे, शेतं, नद्या, गावं. आणि हा गडी बॅकपॅक न घेता गेला. त्याच्यासमोर तुमचं ते मोटार चोरून शहर फिरणं मला अगदीच पोरकट वाटतं.

ड्रायव्हिंगचा नंबर लागला तो शेजारच्या पोरामुळे. पोरगं बारावीत आहे, तेही आमच्या ओसरीवर येऊन बसलं होतं. त्याच्या मोबाईलवर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. २०१७ साली निघालेला हा गेम गाडीला आपल्या आवडीचा रंग चढवू देतो, त्यामुळे आपल्या पोरांनी तिच्यावर लालपरी चढवली आहे. बाहेर लाल, समोर पाटी, आणि रस्त्याला जकार्ता, सुराबाया. हे पोरगं सकाळी कॉलेजला जायला फाट्यावर एसटीची वाट पाहतं. एक तास पाहतं. घरी आलं की तीच एसटी स्वतः चालवतं. मी थोडी चालवून पाहिली. गाडी वेळेवर सुटते हे मला खोटं वाटलं. कंडक्टर नाही, घंटी नाही, दोरी नाही, सुट्ट्यांवरून भांडण नाही. गाडी भरली तरी मागून कोणी 'पुळे सरका, पुळे सरका' म्हणत नाही. पण त्या पोराचा चेहरा पाहण्यासारखा होता. थांबा आला की तो आधी इंडिकेटर द्यायचा. हायवेवर मी उभ्या आयुष्यात एवढं इंडिकेटर पाहिलं नाही.

आणि मग पुतण्यानं जुन्या लॅपटॉपवर 'फार्मिंग सिम्युलेटर १९' लावला.

हा शेतीचा गेम. 'जायंट्स' नावाची स्वित्झर्लंडची कंपनी २००८ पासून काढते. २०१८ च्या या आवृत्तीत पहिल्यांदा कापूस आला. मी म्हटलं, दिवसभर कापसात असतो, रात्रीही कापूस? तेवढ्यात 'कापूस' ऐकून बाबा उठून बसले. त्यांनी चष्मा घातला, खुर्ची ओढली आणि लॅपटॉपला नाक लावलं.

पडद्यावर दोन घरांएवढं एक मशीन पांढऱ्या रानात चाललं होतं. पुढून कापूस गिळत होतं, मागून गठाण टाकत होतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"बाया कुठी हाय?"

"बाया नाई लागत आबा. मशीन वेचते."

"वेचाई काय किलो?"

"वेचाईच नाई."

बाबांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. या हंगामात बायांच्या मागं गाडी घेऊन कोण-कोणत्या गावात हात जोडत फिरलो ते सगळं त्या नजरेत होतं.

"तण कसं नाई दिसून राह्यलं?"

"बंद करून ठेवलं. सेटिंगमंदी असते. तण पाह्यजे का नको, ते आपन ठरवाचं. पीक वाळू द्याचं का नाई, तेही ठरवाचं."

इतका वेळ बाबा ऐकत होते, आता त्यांनी पुतण्याला बाजूला सरकवलं आणि जागा घेतली. "भाव?"

"भाव वर-खाली होते. दोन-तीन जागी इकता येते, जिथं जास्ती तिथं न्याचा. नाईतं ठेवून द्याचा, चढला का इकाचा."

"घरात ठेवला तं खाज?"

"खाज नाई आबा."

ज्यांच्या घरात कधी मार्चपर्यंत कापूस भरून राहिला नाही त्यांना या प्रश्नाची खोली समजणार नाही. भाव चढेल म्हणून माजघरात गंजी लावलेली असते, आढ्याला टेकलेली. त्यातून बारीक किडे निघतात. पोरं रात्रभर अंग खाजवतात, पाहुणा एक रात्र राहून सकाळी पहिल्या गाडीनं जातो. बाप रोज संध्याकाळी भाव ऐकतो आणि म्हणतो, अजून आठ दिवस थांबू. गेममध्ये हे सगळं घालायचं त्या स्विस लोकांच्या मनात आलं नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्याकडे पाहुणा आधी फोन करून येतो.

बाबांनी तासभर शेती केली. ट्रॅक्टर दोनदा नाल्यात घातला. शेवटी चष्मा काढत म्हणाले, "चांगला हाय. पन याच्यात शेतकरी कुठी हाय? हा तं मालक हाय."

शूटर झाला, आरपीजी झाला, सिम्युलेशन बाबांनी नेलं. बायकोचं आधीच ठरलेलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत सगळा देश घरात बसून 'लुडो किंग' खेळत होता तेव्हापासून ती त्यात आहे. तो नवी मुंबईत बनतो, गेमेशन नावाच्या कंपनीत, २०१६ पासून. अख्खा गाव जिला गरीब गाय म्हणतो ती ही बाई. सोंगटी घराच्या दारात आलेली असताना ती ज्या थंडपणानं मारते, ते पाहून मला माझ्या संसाराबद्दल नव्यानं विचार करावा लागला.

पुतण्यानं आणखी एक दाखवलं, 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज', २००९ चं. आपल्या अंगणात झाडं लावायची, पलीकडून झॉम्बी टप्प्याटप्प्यानं येतात, झाडं त्यांना बिया फेकून मारतात. याला टॉवर डिफेन्स म्हणतात. आम्ही याला जागल म्हणतो. माळ्यावर बसायचं, रानडुकरांची पहिली टोळी दहाला, दुसरी दोनला, तिसरी डोळा लागल्यावर. झटका मशीन लावलं तर ती शेजाऱ्याच्या वावरात जातात आणि सकाळी शेजारी आपल्याकडे. फरक एवढाच की त्यांचा सूर्य वरून पडतो आणि तो गोळा करून नवं झाड घेता येतं. आमचा सूर्य सकाळी सहाला उगवतो आणि काय-काय खाल्लं ते दाखवतो.

रात्री झोप येईना. बाजेवर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की पोरगं प्रश्नच चुकीचा विचारत होतं. 'काका, तुम्हाला काय आवडते?' सगळे हेच विचारतात. पण गेममध्ये माणूस जिंकतो थोडा आणि हरतो फार. तर मग विचारायचं ते हे की तुम्हाला हरणं कोणतं चालतं. बंदुकीच्या खेळात माणूस झटक्यात हरतो, कुठून आलं कळतही नाही. मला ते चालत नाही, मला निदान आजारपण तरी पाहिजे. राज्य उभारायच्या, डावपेचांच्या खेळात तीन तास हळूहळू हरतो आणि हरणार हे पहिल्या तासातच कळलेलं असतं. ते म्हणजे कोर्टातला धुऱ्याचा दावा, तो आमच्या घरी एक चालू आहे. कोड्यांच्या खेळात हरलो तर दोष फक्त आपला, हे तर मला मुळीच सहन होत नाही. मला हरल्यावर सांगायला एक पाऊस लागतो.

सकाळी मी पुतण्याला उठवलं. "ते रोगलाइक म्हणजे काय, नीट सांग."

त्यानं डोळे चोळत सांगितलं. दर डावाला नकाशा नवा. मागच्या वेळी जे होतं ते या वेळी नसतं. काय हातात येईल ते नशिबावर, पण आलेलं कसं वापरायचं ते आपल्यावर. आणि एकदा मेलो की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. कमावलेलं सगळं जातं. "काई काई गेममंदी मांगच्या डावातलं थोळंसं पुळे आणता येते, पन मूळ नियम हाच."

"जूनपासून सुरू होते काय?"

"म्हंजे?"

"काई नाई. हाच लाव."

कोरडवाहू माणसाला हा गेम शिकवावा लागत नाही. दर मिरगाला आमचा नकाशा नवा निघतो. गेल्या वर्षी जे बियाणं साधलं ते यंदा साधत नाही, गेल्या वर्षी जिथं पाणी साचलं तिथं यंदा ढेकळं. मागच्या डावातून पुढं आणता येतं ते एकच, कर्ज. एवढं असून जूनमध्ये ढग आले की माणूस बॅग घेऊन कृषी केंद्राच्या रांगेत उभा. याला पुतण्याच्या भाषेत 'वन मोर रन' म्हणतात.

त्यानं मला जो लावून दिला त्याचं नाव 'बालात्रो'. कॅनडातल्या एका माणसानं एकट्यानं बनवला, २०२४ च्या फेब्रुवारीत आला. पत्त्यांचा आहे. पोकरचे हात लावायचे: जोडी, तीन सारखे, सिक्वेन्स, कलर. तीन पत्ती खेळलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, फक्त पत्ते पाच. वर जोकर विकत घेता येतात, ते गुण दुप्पट-चौपट करतात, आणि दर फेरीला गाठायचा आकडा चढत जातो. आठव्या टप्प्यापर्यंत टिकायचं. मी पहिल्या डावात दुसऱ्या टप्प्यावर गेलो. दुसऱ्या डावात तिसऱ्या. तिसऱ्या डावात असे जोकर जमले की गुणांचा आकडा पेटला, खरोखर पडद्यावर पेटतो, आणि मी ओसरीवरून अशी आरोळी ठोकली की शेजारी काठी घेऊन धावत आला. त्यालाही जनावर वाटलं.

आतून बायको आली. स्क्रीन पाहिली. "पत्तेच खेळून राह्यले ना?"

मी म्हटलं, याला रोगलाइक डेक-बिल्डर म्हणतात.

"काईही म्हणा. इस्पिक दिसून राह्यलं मले."

मी तिला कायदा सांगितला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमचा कायदा केला. सरकारनं सगळ्या गेमचे तीनच जॉनर पाडले: ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशाचे गेम. तिसरा बंद. हा पैशाचा नाही, एक रुपया लागत नाही. पुतण्यानं कुठून विकत घेऊन दिला ते मी सांगितलं नाही. ती म्हणाली, पैशे नाई तं मंग पत्ते कायले? या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. नंतर पुतण्यानं सांगितलं की युरोपातल्या गेमचं वय ठरवणाऱ्या ब्रसेल्सच्या संस्थेनंही आधी इस्पिक पाहूनच त्याला अठरा वर्षांवरचा ठरवलं होतं, आणि अपील झाल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत बारा केला. म्हणजे बायकोचं म्हणणं ब्रसेल्सपर्यंत पोचलेलं होतं. मी अपिलाचा निकाल तिला सांगितला. ती म्हणाली, मंग बारा वर्साच्याले द्या, तुमी कोथिंबीर आणा.

त्या रात्री मी सातव्या टप्प्यावर होतो. हातात चार बदाम, पाचवा येण्याची वाट. बाराला वावरातली थ्री फेज येणार होती. या हप्त्यात आमचा पाळा रात्रीचा. पावणेबारा झाले. पुतण्या म्हणाला, जा काका, डाव जसा हाय तसा राह्यते, सेव्ह होते. तीस वर्षांत गेमनं केलेली खरी प्रगती ती हीच, लाइट गेली तरी सव्विसावा जीव जात नाही.

टॉर्च, काठी, मफलर. मोबाईल छातीच्या खिशात. कापसाच्या ओळींतून विहिरीकडे निघालो. दव पडलेलं, तूर डोक्याएवढी, कापूस चांदण्यांखाली फुटलेला. गेममध्ये ज्याला स्टेल्थ म्हणतात, म्हणजे पाय न वाजवता जाणं, ते मला येत होतं हे मला माहीत नव्हतं. मोटार सुरू केली. पाणी धरलं. आणि परतताना धुऱ्याजवळ तुरीत खसफस झाली.

मी जागेवर थांबलो. टॉर्च विझवायची की पेटती ठेवायची, यावर आमच्या गावात दोन पक्ष आहेत. मला त्या क्षणी दोन्ही पटले. पुन्हा खसफस. मग घरघर. घरघर थांबून थांबून, आणि शेवटी एक हॉर्न.

टॉर्च वर केली. शेजाऱ्याच्या माळ्यावर त्यांचं बारावीचं पोरगं जागलीला बसलेलं. गोधडीत गुंडाळलेलं, बाहेर फक्त नाक, नाकावर मोबाईलचा निळा उजेड. खाली तुरीतून एक रानडुक्कर शांतपणे धुरा ओलांडून माझ्या वावराकडे चाललं होतं. पोराचं लक्ष नव्हतं. त्यानं उजवीकडं इंडिकेटर दिला होता.

"काय रे, कुठवर आली गाडी?"

"जकार्ताच्या अलीकळे, काका."

"जागा हाय काय?"

"या. खिडकीजवळची हाय."